नाव घातलेला डबा

"पोरगी जगवायचीय न्हवं? मग आलेली वस्तू घ्यायची, धुवायची, वापरायची. कुठनं आली हे विचारत बसू नका, ताई. एकदा विचाराय लागलं की थांबता येत न्हाई."

मोहितेबाई हे म्हणाल्या तेव्हा मी ब्लीचिंगच्या पाण्यात कोपरापर्यंत हात घालून कुणाच्या तरी स्वयंपाकघरातली किसणी धुत होते. मी नुसती हसले. वीस वर्षं अंगणवाडीत खिचडी शिजवलेली बाई, मायाळू पण भोळी, असं माझं त्यांच्याबद्दल मत होतं. आणि भोळं राहायचे दिवस संपले होते.

टाकीवर येऊन आम्हाला सदतीस दिवस झाले होते. टाकी म्हणजे गावाबाहेरच्या टेकडीवरचं जलशुद्धीकरण केंद्र. एरवी तिथं नदीचं पाणी तुरटी टाकून, वाळूतून गाळून खाली गावाला सोडायचे, आणि गावातलं कुणी तिकडे फिरकायचंही नाही. पण भोवती आठ फुटी कंपाउंड होतं, लोखंडी गेट होतं, आणि दोन हौद भरलेले होते. खाली माणसं माणसांना चावायला लागली, चावलेली मरायला आणि मेलेली उठून चालायला लागली, तेव्हा ज्यांना तो चढ चढता आला ते इथं पोचले. बावीस जण. चालणाऱ्यांना आम्ही 'लागलेले' म्हणायचो. डोळ्यांनी त्यांना फार दिसत नसावं, पण भांड्यावर भांडं आपटलं तरी चार गल्ल्यांतून माना वळायच्या.

माझा नवरा मस्कतला नोकरीला होता. फोन बंद पडले त्या दिवसापासून तो आहे की नाही हे मला ठाऊक नव्हतं. रेवा दहा महिन्यांची होती.

टाकीवरचे कायदे दोन. केंद्राचे ऑपरेटर बाबरतात्या, त्यांनी ते क्लोरिनच्या खोलीच्या दारावर लाल ऑइलपेंटने स्वतः लिहिले होते. अंगावर जखम असलेलं माणूस आत घ्यायचं नाही, ओरखडा असला तरी नाही. आणि ज्या घरात जिवंत माणूस आहे त्या घरातून काडीही उचलायची नाही. दोन्हींपैकी एक मोडला तरी शिक्षा एकच, गेटच्या बाहेर. गावात अजून काही जण आपापल्या घरांत कोंडून घेऊन राहिले होते. आमच्यातलं कुणी गेलं की त्यांच्या दारावर खडूने गोल काढून यायचं. गोल दिसला की पुढचं घर.

पहिल्या कायद्याला मागाहून एक शेपूट जोडलं गेलं होतं, ते दारावर लिहिलेलं नव्हतं. खाली अमुक घरात जखमेचं माणूस आहे असं कळलं, की दोघंतिघं पहारी घेऊन जायचे. परत आल्यावर कुणी काही बोलायचं नाही. असं दोनदा झालं होतं.

काय आणायचं हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं, कारण पुरुषांनी पहिल्या खेपांना जे आणलं ते बघून मोहितेबाईंनी कपाळाला हात लावला होता. वडापची, म्हणजे सीटवर भाडं घेणारी, जीप चालवणारा पोपट शिंदे तर इन्व्हर्टरची बॅटरी पाठीवर घेऊन चढ चढून आला.

"ह्याचं काय करू मी? फोडणीला घालू?" मोहितेबाई म्हणाल्या.

"मावशी, हजारोंची वस्तू हाय!"

"आन लाईट कुठाय रे मुडद्या, भरायला?"

दुसऱ्या खेपेला त्याने चांदीचा गणपती आणला आणि "देव हाय, असू द्या" म्हणून पंपावर ठेवला. तेव्हापासून मी सांगायला लागले. मीठ. काडेपेट्या, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. सुया, नाडी, खायचा सोडा. कुकरची रिंग. बायकांचे पॅड, न लाजता. डाळी आणि पिठं डब्यासकट आणायची नाहीत, कापडी पिशवीत ओतायची, कारण डबा वाजतो. आणि नेलकटर.

नेलकटरवर सगळे हसले होते. पण आदल्याच आठवड्यात रेवाने झोपेत स्वतःच्या गालावर नख ओढून घेतलं होतं. सकाळी ती लाल रेघ पोपटला दिसली आणि तो दोन पावलं मागे सरकला. दहा महिन्यांच्या पोरीपासून. तात्यांनी तिला उजेडात धरून नीट पाहिलं आणि मान खाली घालून म्हणाले, "तीन दिवस वेगळं राहावं लागंल, आश्लेषाताई. कायदा सगळ्यांला एकच." तीन दिवस आम्ही दोघी पंपाच्या खोलीत होतो. बाहेरून कडी. मी तिची नखं दातांनी कुरतडत बसायचे आणि फटीतून बघायचे, दाराशी आज कोण उभं आहे, हातात काय आहे.

त्यानंतर मी टाकीवरच्या प्रत्येकाकडे बघायचे. कोण जास्त खातं, कोण बाही खाली ओढतं, कोण आपल्याकडे बघतं.

नेलकटर आणला रंगनाथ गुरवने.

रंगनाथ खाली गावात विजेच्या मीटरचं रीडिंग घ्यायचा. चाळिशीचा, किरकोळ अंगाचा, हळू बोलणारा. बायको माहेरी विट्याला गेली ती तिकडेच अडकली, असं त्याने पहिल्या दिवशी सांगितलं होतं. मुलंबाळं नव्हती. गावात राहायचा कुठं, ते कुणी विचारलं नव्हतं. दर महिन्याला घरोघर जायची सवय, त्यामुळे कुणाच्या मागच्या दाराची कडी सैल आहे, कुणाकडे कुत्रं आहे, सगळं त्याला पाठ. इतर जोडीने जायचे, हा एकटा. "दोन माणसांचा पाय वाजतो," म्हणायचा.

"हे घ्या," त्याने नेलकटर माझ्या हातावर ठेवला. "धार बघून आणलाय."

"कुठं मिळाला?"

"ठेसनाकडं. एक कुलूपबंद घर होतं."

"तुम्हाला बरं लक्षात राहिलं."

"तुमचं मीटर जिन्याखाली न्हाई का, वरच्या बाजूला पाल असायची त्ये?" तो हसला. "मला सगळ्यांचंच ध्यानात राहतं."

मी थँक्यू म्हटलं. पण तो गेल्यावर मला ते जिन्याखालचं आठवत राहिलं. आमच्या घरात तो किती वेळा येऊन गेला असेल, आणि मी त्याचा चेहरासुद्धा पाहिलेला नव्हता.

मग मी बघायला लागले. तो निघायचा तेव्हा त्याची बॅग खाली ओढलेली असायची आणि परत यायचा तेव्हा हलकी. आणायला चाललेल्या माणसाची बॅग जाताना जड कशी? एकदा तो हौदापाशी पाच लिटरचा कॅन भरताना दिसला. मला बघून त्याने झाकण घाईने लावलं. दुसऱ्या दिवशी मी कपडे वाळत घालायच्या निमित्ताने फिल्टरच्या गच्चीवर गेले. तिथून खालचा रस्ता कालव्याच्या पुलापर्यंत दिसतो. स्टेशनला जायचं तर पुलाच्या अलीकडे वळावं लागतं. रंगनाथ पूल ओलांडून शिक्षक कॉलनीकडे गेला.

परत आला तेव्हा मी विचारलं, "आज कुठं?"

"ठेसनाकडंच की."

मी गच्चीवरचे कपडे काढायला गेले.

त्याच आठवड्यात रेवाने खाणं सोडलं. भात लावला तोंडाला की जिभेने बाहेर ढकलायची. माझं दूध आटत चाललं होतं. संध्याकाळी तिला मांडीवर घेतलं की बरगड्या हाताला लागायच्या. मोहितेबाई म्हणाल्या, "नाचणीचं सत्व पायजे होतं. अंगणवाडीत पोतंभर होतं, उंदरांनी खाल्लं आसंल आता." हे आम्ही ओसरीवर बोललो. रंगनाथ तिथेच भिंतीला टेकून बसला होता.

चौथ्या दिवशी सकाळी तो खालून आला आणि बॅगेतून टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी काढून त्याने माझ्यापुढे ठेवलं. टॉवेल सोडला तर आत स्टीलचा डबा. झाकण उघडलं तर नाचणीचं सत्व.

"रिकाम्या घरात होतं," तो म्हणाला. "बाळाला बघा चालतंय का."

मी रेवाला त्याची पेज करून दिली. तिने वाटीभर खाल्ली आणि वाटीच्या काठाला तोंड लावून आणखी मागितली. मला रडू आलं. रडता रडताच मी डबा पुन्हा उघडून वास घेतला.

बी.एस्सी. केमिस्ट्रीला मला पहिला वर्ग होता, पण हे कळायला पदवी लागत नाही. चाळीस दिवस बंद डब्यात राहिलेलं पीठ कुबट लागतं. याला कोमट दगडाचा वास होता. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून, भाजून हे दळलेलं होतं, आणि दळून चार दिवससुद्धा झाले नव्हते.

म्हणजे ते कुणीतरी जिवंत माणसाने दळलं होतं.

मी डबा उलटा केला. बुडाला ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं होतं. सौ. शालिनी अ. देशमाने. खाली तारीख, ३१-५-१६.

लग्न होऊन या गावात येऊन मला दोनच वर्षं झाली होती, देशमानेबाईंना मी कधी पाहिलं नव्हतं. पण टाकीवर त्यांचं नाव सगळ्यांना माहीत होतं. शिक्षक कॉलनीतल्या निवृत्त बाई, एकट्या. तात्यांनी दोनदा निरोप धाडला तरी "मी माझं घर सोडून येणार नाही" म्हणून सांगणाऱ्या. त्यांच्या दारावर गोल होता.

त्या रात्री मी नीट झोपले नाही. सकाळ व्हायची वाट बघितली आणि डबा घेऊन सरळ तात्यांकडे गेले.

तात्यांनी चष्मा लावून नाव वाचलं. दोनदा वाचलं. "चांगला माणूस हाय वो तो," म्हणाले.

"तात्या, म्हातारी बाई, एकटी. तिच्या घरात हा जातो. तिने स्वतःसाठी दळलेलं पीठ डब्यासकट उचलून आणतो. आज पीठ आणलं. ती विरोध करायला लागली तर उद्या काय करेल?"

तात्यांनी पोपटला हाक मारली.

रंगनाथ गेटपाशी निघायच्या तयारीत होता. पोपटने त्याच्या खांद्यावरून बॅग उतरवून घेतली. ओसरीवरचे सगळे हळूहळू तिकडे सरकले. मोहितेबाई रेवाला कडेवर घेऊन माझ्या बाजूला उभ्या राहिल्या.

"ह्ये वाच," तात्या म्हणाले.

रंगनाथने डब्याचं बूड पाहिलं. "बाईंचं नाव हाय."

"बाई जित्या हायेत?"

"हायेत."

"दाराला गोल?"

"हाय. मीच काढलाय."

"घ्या!" पोपट म्हणाला. "गोल आपणच काढायचा, म्हंजे दुसरं कुणी जाणार न्हाई. मग आपण निवांत डबं उचलायचं. डोकं हाय गड्याला!"

"बाईंच्या घरातनं मी काय उचललं न्हाई."

"मग हा डबा कुठला?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग रेवाकडे. मग खाली.

"मिळाला, ताई."

"कुठं?"

"मिळाला."

"स्टेशनकडे? तुम्ही स्टेशनकडे जातच नाही. मी गच्चीवरून पाहिलंय. पूल ओलांडून शिक्षक कॉलनीत जाता."

पोपटने बॅगेत हात घातला आणि पाण्याचा कॅन बाहेर काढला.

"आन ह्ये कुणाला?"

"मला तहान लागती."

"पाच लिटरची?" दोघंतिघं हसले. "उंट हायेस व्हय रं?"

मोहितेबाई पुढे झाल्या. "तात्या, भांड्यावरचं नाव काय धरून बसलाय? माझ्या फळीवर सतरा जणांच्या नावाची भांडी हायेत. लग्नातली, वाणाची, कुणाकुणाची."

"आणि त्यांत काल दळलेलं पीठही असतं का, मोहितेबाई?" मी म्हटलं. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "हे ताजं आहे. वास घेऊन बघा. जिवंत माणसाच्या घरातलं आहे हे. तो खोटं बोलतोय हे तुम्हाला दिसत नाही का?"

तो खोटं बोलत होता हे सगळ्यांनाच दिसत होतं. मोहितेबाई मागे सरल्या.

तात्यांनी शेवटचं विचारलं. "रंगा, एक घर सांग. आत्ता जाऊन बघून येतो आम्ही. घर रिकामं निघालं तर मी तुझ्या पाया पडंन."

त्यावर त्याचा चेहरा कसा झाला ते माझ्या आजही डोळ्यांसमोर आहे. तो घाबरला. आम्ही जाऊन बघू याला घाबरला. मला वाटलं, झालं, पकडला.

"नगा," तो म्हणाला. "कुठं जाऊ नगा. मी जातो."

पोपटने गेटची साखळी काढायला घेतली, आवाज होऊ नये म्हणून एकेक कडी हातात धरून. रंगनाथने बॅग उचलली. कॅन पोपटने ठेवून घेतला होता. तो माझ्यापाशी येऊन थांबला तसे दोघं पुढे झाले, पण त्याने फक्त हात पुढे केला.

"डबा तेवढा द्या, ताई. पीठ राहू द्या बाळाला."

मी जुन्या वर्तमानपत्रावर सगळं पीठ ओतून घेतलं, कोपऱ्यातलं बोटाने काढलं आणि डबा त्याला दिला. त्याने तो टॉवेलात गुंडाळला.

"जीव डब्यात अडकलाय बघा त्याचा," मागून कुणीतरी म्हणालं.

गेटमधून बाहेर पडताना तो वळला. "पेज पातळ करा. घट्ट झाली की लहान पोरांच्या घशाला बसती म्हणं."

पोपटने गेट लावलं. मी गच्चीवर गेले. तो पूल ओलांडून शिक्षक कॉलनीकडेच गेला, आणि मी खाली येऊन तात्यांना तेही सांगितलं.

देशमानेबाईंना जाऊन बघायला हवं, हे सगळ्यांना पटत होतं, पण पुढचे दोन दिवस कालव्याच्या कडेने लागलेल्यांचा मोठा घोळका फिरत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी रस्ता मोकळा झाला. तात्या म्हणाले, मी जातो. मी म्हटलं, बाई एकट्या आहेत, बाईमाणूस बघून दार उघडतील. खरं म्हणजे मला स्वतःला बघायचं होतं. रेवाला मोहितेबाईंकडे दिलं आणि तात्यांबरोबर निघाले.

शिक्षक कॉलनीत पेपर आणि पाचोळा सोडून काही हलत नव्हतं. एका बंगल्याच्या फाटकात एक लागलेली बाई अडकली होती, गाऊनचा खिसा कडीत गुंतलेला. आम्ही चपला हातात घेऊन तिच्या समोरून गेलो. देशमानेबाईंच्या दारावरचा गोल ठळक होता. कुणीतरी तो पुन्हा पुन्हा गिरवलेला दिसत होता.

तात्यांनी नखाने दार वाजवलं. बऱ्याच वेळाने बाजूच्या खिडकीचा पडदा बोटभर सरकला.

"आधी हात दाखवा. दोन्ही बाजूंनी. बाह्या वर करून."

आम्ही दाखवले.

"गळा."

मी ओढणी काढली.

पडदा सरकला. जाळीमागे एक उंच, सुकलेल्या बाई उभ्या होत्या, हातात पाट्याचा वरवंटा. "बाबर ना तुम्ही? पाणीपुरवठ्याचे? तुमचा मुलगा होता माझ्या वर्गात. गणितात काठावर पास. बोला."

"बाई, तुम्ही ठीक आहात ना?" मी विचारलं. "तुमच्या घरात कुणी शिरलं होतं का? चोरी झाली का?"

"माझ्या घरात? कुणाची हिंमत आहे?"

"तुमच्या नावाचा डबा टाकीवर आला होता. स्टीलचा. ३१ मे २०१६ची तारीख घातलेला."

"अहो, ती माझी निवृत्तीची तारीख." त्यांनी माझ्याकडे, वर्गात उशिरा आलेल्या मुलीकडे बघावं तसं पाहिलं. "साठ डबे वाटले होते मी. शाळेत, गल्लीत. नाव माझं, पण डबा ज्याला दिला त्याचा. तुमच्या फळीवर काय सगळी तुमच्याच नावाची भांडी आहेत का?"

माझ्या फळीवर मामाच्या नावाचं तपेलं होतं. आत्याच्या नावाची परात होती. माझ्या स्वतःच्या नावाचं एकही भांडं नव्हतं.

"नाचणीचं सत्व पोचलं का, ते सांगा," बाई म्हणाल्या. "म्हणजे त्या तुमच्याकडच्या बाळाला. नाचणी माझी होती. मोड आणणं, दळणं सगळं चंदाचं."

"चंदा कोण?"

"रंगनाथची बायको. माझ्या मागच्या खोलीत भाड्याने राहतात दोघं. नऊ वर्षं झाली."

तात्या म्हणाले, "तिचं माहेर विटा. ती तिकडं—"

"माहेर कसलं? मागच्याच खोलीत होती. हे सगळं सुरू झालं त्याच दिवशी तळणाची कढई पायावर उलटली तिच्या. डावा पाय घोट्यापासून खाली सोलून निघाला. भरतच नव्हता. जखमेचं माणूस टाकीवर चालत नाही म्हणे तुम्हाला, आणि जखमेचं कुणी आहे असं कळलं की तुम्ही लोक..." त्या थांबल्या. "तर हा रोज पाणी आणायचा. तिचा पाय धुवायला स्वच्छ पाणी, आणि मला प्यायला. आमची विहीर खराब झालीय."

मी जाळी धरली.

"सकाळी जातं ओढायची ती. बसल्याबसल्या होतं म्हणायची. दाराला गोधडी लावून, आवाज जाऊ नये म्हणून. मला भिंतीतून ऐकू यायचं. मी म्हटलं, अगं, कुणाचं बाळ, तुला काय ओळख ना पाळख. तर म्हणाली, रंगा म्हणतो तिच्या बरगड्या दिसायला लागल्यात."

"आता कुठं आहेत?" तात्यांनी विचारलं.

"तीन दिवस झाले, सकाळी आला तो, रिकाम्या हाताने. कॅन कुठाय म्हटलं तर काही बोलला नाही. भाजीवाल्याची हातगाडी मिळवली, तिच्यावर गादी टाकली आणि चंदाला वर बसवलं. मलाही चला म्हणाला. मी म्हटलं, मी नाही येत, पण तू टाकी का सोडलीस रे? चांगली भिंत आहे, पाणी आहे." बाईंनी वरवंटा खाली ठेवला. "म्हणाला, तिथली जागा भरली, बाई."

तात्या पायरीवर बसले. उघड्यावर, दिवसाढवळ्या, लागलेली बाई वीस पावलांवर असताना ते पायरीवर बसले आणि उठेनात.

मी मागे गेले. खोलीचं दार लोटलेलं होतं. आत केर काढलेला होता. चुलीपाशी कापडाच्या पट्ट्या उकळून दोरीवर टाकलेल्या होत्या, वाळून कडक झालेल्या.

कालव्याच्या रस्त्याला गाडीच्या चाकांच्या खुणा फाट्यापर्यंत होत्या. तिथून डांबरी सुरू होतं. डांबरीवर काही दिसत नाही.

देशमानेबाईंना आम्ही त्याच दिवशी वर आणलं. त्या यायला तयार नव्हत्या, तात्यांनी हात जोडले. टाकीवर आल्यावर तात्यांनी पोपटला ऑइलपेंटचा डबा आणायला सांगितला आणि पहिला कायदा पुसून टाकला. पोपट आणि आणखी दोघं फाट्याच्या पुढे सहा किलोमीटरपर्यंत जाऊन आले. कुणी सापडलं नाही. तो घोळका त्याच रस्त्याने गेला होता, एवढंच पोपट म्हणाला, आणि त्या दिवशी जेवला नाही.

मी त्या कागदावरचं पीठ रेवाला अकरा दिवस पुरवलं. पातळ पेज करून. तिने गाल धरले. सगळे बघून म्हणायचे, पोरगी सुधारली.

या गोष्टीला आता सात वर्षं होत आली. नवरा परत आला. रेवा दुसरीत आहे. रस्ते खुले झाले तेव्हापासून मी छावण्यांच्या याद्या बघते आहे. सांगली, पंढरपूर, जतच्या बाजूच्या नव्या वसाहती, सगळीकडे पत्रं घातली. गुरव बरेच निघाले. रंगनाथ दोन निघाले, दोघंही दुसरेच. विट्याला चंदाच्या माहेरी कुणी उरलेलं नाही. पण मेलेल्यांच्या याद्यांतही त्या दोघांची नावं नाहीत, आणि त्या याद्या मी तीनदा वाचल्या आहेत.

म्हणून तुम्हाला सांगते आहे. तुम्ही जिथं कुठं आहात तिथं, वस्तीच्या कडेला, एखाद्या खोलीत असं जोडपं राहत असेल. तो किरकोळ अंगाचा, हळू बोलणारा, आता पन्नाशीकडे आलेला. ती बहुधा फार बाहेर पडत नसेल, पडली तरी डाव्या पायावर भार न देता चालत असेल. ते कुणाच्यात मिसळत नसतील. कुठले म्हणून विचारलं तर भलतंच गाव सांगतील. तुम्हाला त्यांचा संशय येईल.

तरी जा. माझं नाव सांगू नका, ते दार लावून घेतील. काहीतरी निमित्त काढा, पाणी मागा, बसा घटकाभर. आणि तिचा पाय भरला का, तेवढं बघून या.